यंत्र वाजतें कीं माणूस वाजवितो?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला व तो चार दिवस पुरला. एकत्र कुटुंबांत वाद होणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. परंतु या वादांत जो प्रश्न निघाला तो आज पुष्कळ घरांतून निघत असला पाहिजे, असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

झालें तें असें. आमच्या पुतण्याचा मुलगा, वय वर्षें चोवीस, अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरीस लागला आहे. एके रात्रीं जेवणें आटोपून पानसुपारी चालली असतां त्यानें सर्वांदेखत सांगितलें कीं, नोकरी सोडून एक वर्ष संगीताला द्यावयाचा आपला विचार आहे. संगीत हा शब्द ऐकतांच आमच्या वहिनींचा चेहरा खुलला, कारण त्या लहानपणीं कांहीं वर्षें रीतसर गाणें शिकल्या आहेत. परंतु "कोणतें संगीत?" या प्रश्नास "इलेक्ट्रॉनिक. मी डीजे आहे, आजी," असें उत्तर आलें. तेव्हां आमचे वडील बंधु अडकित्ता खालीं ठेवून म्हणाले, "दुसऱ्यांच्या तबकड्या लावणारा जर गवई, तर आपल्या स्वयंपाकघरांतला रेडिओहि गवईच म्हणावयाचा!" मुलगा उठून गेला. त्याचा बाप, म्हणजे आमचा पुतण्या, नेहमींप्रमाणें एक शब्दहि बोलला नाहीं. अखेर, घरांत संस्कृत शिकलेला व जन्मभर मुलांचे निबंध तपासलेला मनुष्य म्हणून निर्णयाचें काम आमच्याकडे आलें.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'डीजे' हें 'डिस्क जॉकी' या दोन शब्दांचें आद्याक्षरी रूप. जॉकी म्हणजे शर्यतीचा घोडेस्वार. तेव्हां तबकडीवर स्वार झालेला तो डीजे. नभोवाणीवर ध्वनिमुद्रिका लावून देणाऱ्यास हें नांव प्रथम मिळालें. आपल्याकडे मात्र हा शब्द माणसावरून घसरून यंत्रावर गेला आहे. मिरवणुकींत गाडीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, जिच्यापुढें तावदानें थरथरतात व म्हाताऱ्यांच्या काळजांत धडकी भरते, तिलाच लोक डीजे म्हणतात. आमच्या बंधूंच्या रागाचें अर्धें मूळ येथेंच आहे. हा राग अकारण नव्हे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. आणि २०१८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींतील अशा यंत्रणांवरील बंदी तात्पुरती उठविण्यासहि नकार दिला. तथापि हा प्रश्न शेजारधर्माचा व कायद्याचा आहे, कलेचा नव्हे. शंभर ढोल एकदम बडविले तरीहि ती मर्यादा मोडते. पण तेवढ्यानें ढोल हें वाद्यच नव्हे असें कोणी म्हणत नाहीं. म्हणून गोंगाटाचा मुद्दा बाजूस ठेवून मूळ आक्षेपांकडे वळूं. ते तीन आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, हें वाद्यच नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग सांगितले आहेत. विजेनें स्वर उत्पन्न करणारें यंत्र या चोहोंपैकीं कशांतच बसत नाहीं, हें खरें. परंतु शास्त्रें वाढत असतात. कुर्ट झाक्स या मूळच्या जर्मन पंडितानें १९४० सालच्या आपल्या ग्रंथांत विद्युद्वाद्यांचा निराळा वर्ग मान्य केला. गंमत अशी कीं, त्याच १९४० सालीं आपल्या देशांत आकाशवाणीनें हार्मोनियमला बंदी केली व ती १९७१ पर्यंत टिकली. त्या पेटीचे स्वर ठोकळ, तींतून मींड निघत नाहीं, श्रुति सांपडत नाहींत, शिवाय ती परदेशी, असे तिच्यावरील आरोप होते. त्यांतील पहिले तीन आजहि खोटे नाहींत. तरीहि गोविंदराव टेंब्यांच्या हातीं ती पेटी काय बोलत होती हें महाराष्ट्र जाणतो, आणि आमच्या दिवाणखान्यांतील वडिलांच्या पेटीला दर दसऱ्यास फूल वाहणारे आमचे बंधूच आहेत. वहिनींची गोष्ट तर याहून पुढची. बंगळूरच्या राज नारायण या बांसरी वाजविणाऱ्या अभियंत्यानें १९७९ च्या सुमारास विजेवरचा तंबोरा तयार केला, तेव्हांपासून घरोघरच्या रियाजांत तसले तंबोरे शिरले आहेत. वहिनींच्या देवघराशेजारीं गेलीं वीस वर्षें तसाच एक गुणगुणत असतो. त्याला आजवर कोणीं बाटलेला म्हटलें नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, डीजे दुसऱ्यांचें गाणें वाजवितो. त्यांत त्याचें स्वतःचें काय? याचें उत्तर देण्यापूर्वीं तो काय करतो तें पाहिलें पाहिजे. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, जमेकाहून आलेल्या कूल हर्क नांवाच्या तरुणानें आपल्या बहिणीनें योजिलेल्या मेजवानीच्या वेळीं तबकड्या वाजविल्या. हिपहॉप संगीताचा जन्म त्या दिवसापासून मोजतात. ज्या जागीं गायन थांबून नुसतीं तालवाद्यें चालतात त्या जागीं नाचणारांस विशेष रंग येतो, हें त्यानें हेरलें होतें. तो तुकडा असतो थोडक्या सेकंदांचा. त्यानें एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेविल्या आणि एकीवरचा तुकडा संपतां संपतां दुसरीवरचा सुरू करून तो हवा तितका लांबविण्याची युक्ति रूढ केली. पुढें ही विद्या वाढली. आज चांगला डीजे सभेला एक रचना ऐकवीत असतांच हेडफोनमधून पुढची ऐकत असतो, तिची लय कमीजास्त करून पहिलीशीं जुळवितो, आणि समेवर सम आणून एकींतून दुसरींत असा शिरतो कीं सांधा दिसूं नये.

आतां वाचकांनीं आपल्या कीर्तनकाराचें स्मरण करावें. अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानोबांची, आर्या मोरोपंतांची. कीर्तनकाराचें पद्य त्यांत किती? पण पूर्वरंगास कोणता अभंग घ्यावा, आख्यान कोठें थांबवावें, श्रोते पेंगूं लागतांच कोणती चाल धरावी, हें सर्व त्याचें असतें, व म्हणूनच त्या कीर्तनाला आपण त्याचें कीर्तन म्हणतों. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत संगीतरत्नाकर रचिला. त्यांत गायकांचे पांच प्रकार सांगतांना त्यानें 'अनुकार', म्हणजे दुसऱ्याचें अनुकरण करणारा, हाहि एक धरला आहे. त्याला गायकांच्या पंक्तींतून उठवून लाविलें नाहीं. जर्मनींत तर हा प्रश्न न्यायासनापुढें गेला. मैफलीच्या तिकिटावर ७ टक्के कर व निव्वळ करमणुकीवर १९ टक्के, असा भेद असल्यामुळें टेक्नो संगीताचे कार्यक्रम मैफल ठरतात कीं नाहीं, हें ठरविणें भाग पडलें. डीजे केवळ दुसऱ्यांच्या मुद्रिका लावीत नाहींत, तर त्यांतून स्वतःची नवी नादरचना करितात, असें मानून तेथील सर्वोच्च वित्त न्यायालयानें २०२० मध्यें अशा कार्यक्रमांना मैफलीचा दर्जा देतां येतो असा निकाल दिला. करवसुलीच्या निमित्तानें का होईना, सौंदर्यशास्त्राचा विचार झाला!

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा: सगळें यंत्रच करतें, माणूस नुसती कळ दाबतो. याला उत्तर म्हणून दोन उदाहरणें देतों. बी.बी.सी.च्या 'डॉक्टर हू' या मालिकेचें शीर्षकसंगीत १९६३ सालीं तयार झालें. कागदावरची चाल रॉन ग्रेनर यांची. परंतु ती नादरूपास आणिली डेलिया डर्बीशायर या बाईंनीं. गणित व संगीत शिकलेल्या या बाईंनीं एका तारेचा टणत्कार, विद्युत्स्पंदनांचे आवाज यांच्या फिती कापून, त्यांची गति कमीजास्त करून, एकेक स्वर निराळा घडविला व तुकड्याला तुकडा चिकटवून ती चाल उभी केली. ती ऐकून खुद्द ग्रेनर थक्क झाले व श्रेयांत बाईंनाहि वांटा मिळावा असें त्यांनीं सुचविलें. परंतु त्या विभागांतील नोकरांचीं नांवें प्रसिद्ध न करण्याचा तेव्हां शिरस्ता होता. बाई २००१ सालीं वारल्या. पडद्यावर त्यांचें नांव झळकलें तें २०१३ सालीं. यंत्रच सर्व करीत असतें तर नांव कोणाचें द्यावें हा प्रश्नच निघाला नसता.

दुसरें उदाहरण मुंबईचें. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं तीन जपानी विद्युद्वाद्यें जुळवून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढिली. ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस यांसारखे राग, आणि खालीं डिस्कोचा ठेका! त्यांतील एक यंत्र मुळांत गिटारच्या खर्जाची साथ करण्यासाठीं बनविलेलें. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यांत होती, व ती आपल्या मींडेच्या कामीं येईल हें या गृहस्थांनीं ओळखलें. मुद्रिका त्या वेळीं फारशी खपली नाहीं. पुढें १९८७ च्या सुमारास अमेरिकेंत शिकागो शहरीं त्याच यंत्रांतून 'ॲसिड हाउस' नांवाचा प्रकार निघाला व जगभर गाजला. आणि २०१० मध्यें ही जुनी मुद्रिका पुन्हा निघाली तेव्हां जाणकारांनीं तोंडांत बोटें घातलीं. चरणजित सिंग २०१५ सालीं मुंबईंत निवर्तले. तीं यंत्रें दुकानांत सर्वांसाठींच होतीं. त्यांतून तोडी काढण्याची बुद्धि एकाला झाली.

हें सर्व खरें असलें, तरी प्रत्येक कळ दाबणारा संगीतकार ठरतो असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. घरून तयार करून आणिलेली फीत लावून वर नुसते हात उडविणारेहि या धंद्यांत आहेत, जसे पाठ केलेलें टिपण म्हणून दाखविणारे कीर्तनकारहि असतात. मग ओळखावयाचें कसें? आमच्या मतें कसोटी एकच आहे. चूक झाली तर ती वाजविणाराच्या कानाला टोंचते कीं नाहीं? यंत्राला बेसूर म्हणजे काय तें कळत नाहीं, त्याला लाज नाहीं. ती लाज ज्याला आहे तो, हातांत वीणा असो वा विजेची पेटी असो, संगीतकार होय.

ही कसोटी आम्हीं घरांतच लावून पाहिली. मुलास म्हटलें, "वाद पुरे, आम्हांला ऐकव." त्यानें भूप घेऊन एक रचना केली होती. तींत आमच्या घड्याळाचे टोले होते व वहिनींच्या खलबत्त्याचा ठेका होता. आमचे बंधु पाठ करून बसले होते, तरी खलबत्ता ओळखून त्यांचा पाय हललेला आम्हीं पाहिला. इतक्यांत वहिनी म्हणाल्या, "अरे, भूपांत निषाद कुठून आला?" मुलानें थांबविलें, तो भाग तीनदां ऐकिला, आणि त्याचा चेहरा लाल झाला. बाजारांतून आणिलेल्या एका तयार तुकड्याबरोबर तो निषाद आंत शिरला होता. "आजी, माझ्या लक्षांत कसें आलें नाहीं?" एवढेंच तो म्हणाला. त्या रात्रीं दीड वाजतां आम्ही पाणी पिण्यास उठलों तेव्हां त्याच्या खोलींत दिवा होता. सकाळीं निषाद गेला होता; आणि त्या जागीं दुसरा तुकडा न बसवितां त्यानें स्वतः वाजविलेला धैवत ठेविला होता.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. त्या सकाळीं आमचा पुतण्या, जो चार दिवस गप्प होता, आमच्याजवळ येऊन म्हणाला, "काका, माझा कॅसिओ अजून माळ्यावर आहे." तो बारातेरा वर्षांचा असतां त्याच्या मामांनीं त्याला तें लहानसें विजेचें वाद्य दिलें होतें. पाहुण्यांसमोर तो वाजवूं लागला तेव्हां आम्हीं, शाळेंत बोलावें त्या आवाजांत, "हें वाद्य नव्हे, खेळणें आहे, ठेवून दे" असें म्हटलें होतें. त्यानें तें ठेवून दिलें, व पुन्हा कधीं काढलें नाहीं. आम्ही ती गोष्ट त्याच दिवशीं विसरलों. तो पस्तीस वर्षें विसरला नव्हता. आम्हीं तेव्हां निकाल दिला होता. ऐकिलें मात्र कांहींच नव्हतें. त्याची भरपाई आतां होण्यासारखी नाहीं, एवढें त्याला आम्हीं सांगितलें.

घरचा निर्णय असा झाला. नोकरी तूर्त सोडूं नये. रोज सकाळीं तासभर आजीपाशीं बसून गळ्यानें स्वर लावावे. दिवाळीनंतर घरच्यांपुढें अर्धा तास वाजवून दाखवावें. तोंपर्यंत उत्साह टिकला तर पुढील वर्ष त्याला द्यावें, व त्या वर्षाचा त्याचा खर्च कुटुंबानें सोसावा. यावर आमच्या बंधूंनीं स्वतःची एक अट घातली कीं, त्यानें कोणाच्याहि खिडकीचीं तावदानें थरथरवूं नयेत. मुलानें ती आनंदानें मान्य केली.

या उद्योगावर त्याचें पोट भरेल कीं नाहीं, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. गवयांचीं पोटें तरी सदैव कोठें भरत होतीं? वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा मुलगा वा मुलगी असेल त्यांनीं एवढेंच करावें: एक संध्याकाळ मोकळी ठेवून त्याचें वाजविणें शेवटपर्यंत ऐकावें, आणि निषाद चुकला असेल तर तोहि दाखवून द्यावा. आमचे बंधु अजून त्या खोलीला 'रेडिओ' म्हणतात. पण काल दाराशीं थांबून, "आज भूप नाहीं वाटतें?" असें विचारतांना आम्हीं त्यांना ऐकिलें.