आरोग्य-विचार : घाई कुठे, धीर कुठे?
थायरॉईडच्या ग्रेव्हज विकारात काही रुग्णांच्या डोळ्यांमागील स्नायू व चरबी सुजते. हाडांच्या खोबणीत जागा न उरल्याने डोळे पुढे येतात. घरात लग्नकार्य जवळ आले की शस्त्रक्रियेची घाई होते. परंतु सूज ओसरून स्थिती साधारण 6 महिने स्थिर राहिल्यावरच ती करणे इष्ट. प्रथम खोबणीच्या भिंतीचा काही भाग काढून जागा करतात, मग तिरळेपणा आणि शेवटी पापण्या सुधारतात. कारण आधीच्या टप्प्याने पुढच्याचे मोजमाप बदलते. मात्र रंग फिके दिसू लागले वा दृष्टी मंदावली, तर डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब आलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. धूम्रपानाने हा विकार बळावतो. त्याचा त्याग हाही उपचारच होय.