घर पाहावे सजवून

न्यू जर्सीहून पुतणीचा फोन आला की तो साधारण अर्ध्या तासाचा असतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आला तो मात्र पाचच मिनिटांचा होता, आणि आवाजही रडवेला. त्यांचे राहते घर विकायला काढले होते. एजंटबाईंनी येऊन घरभर फेरी मारली आणि एक यादी हातात ठेवली. भिंतीवरचे सगळे फोटो काढा. निम्मे फर्निचर गोदामात हलवा. फ्रिजवरची मुलांची चित्रे काढा. स्वयंपाकघरातले देव दुसरीकडे ठेवा. आणि घर विकले जाईपर्यंत शक्यतो फोडणी देऊ नका.

‘‘काका, आम्ही आमच्याच घरात चोरासारखे राहतोय. देव टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलेत आणि आठ दिवस सँडविच खातोय,’’ ती म्हणाली.

नंतर तिने सजवलेल्या घराचे फोटो पाठवले. त्या घरात मी आणि माझी पत्नी तीन महिने राहून आलो आहोत, पण फोटो पाहून ते ओळखू येईना. राखाडी सोफ्यावर दोन पांढऱ्या उश्या, टेबलावर हिरव्या सफरचंदांचे भांडे, पलंगावर एकही सुरकुती नसलेली चादर. घर सुंदर दिसत होते, यात शंका नाही. फक्त त्यात कोणी राहत असल्याची खूण उरली नव्हती.

या प्रकाराला तिकडे ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. विकायचे घर गिऱ्हाइकासमोर मांडण्यापूर्वी रंगमंचासारखे सजवायचे. आपल्या भाषेत त्याला घराचे नेपथ्य म्हणता येईल. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील बार्ब श्वार्ट्‌झ या बाईंनी १९७२ मध्ये ही कल्पना रूढ करायला सुरुवात केली, असे मानले जाते. आज तो स्वतंत्र व्यवसाय आहे. भाड्याने सोफे, चित्रे, गालिचे देणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यामागे एक विचारही आहे. घर पाहायला येणाऱ्या माणसाला तिथे दुसऱ्याचे आयुष्य दिसता कामा नये, स्वतःचे दिसले पाहिजे. भिंतीवर तुमच्या आजोबांचा फोटो असला की पाहणारा पाहुणा होतो. फोटो काढला की तो मनातल्या मनात आपला फोटो तिथे लावून पाहतो.

ऐकताना हे थोडे क्रूर वाटते, पण मला त्यात लबाडी दिसत नाही. घर उभे आहे. गिऱ्हाईक आपला तपासनीस आणून छपरापासून तळघरापर्यंत ते पाहून घेतो. न्यू जर्सीत तर एजंटाने तयार केलेल्या करारावर सही झाली तरी कामकाजाचे तीन दिवस मिळतात. तेवढ्यात वकिलाला तो नापसंत करता येतो. सफरचंदांचे भांडे पाहून कोणी भुलला तरी शुद्धीवर यायला त्याला वेळ मिळतो. आपल्याकडे दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीला नवी साडी नेसवत, तेवढाच हा प्रकार.

आपल्याकडचे घराचे नेपथ्य मात्र निराळे आहे. तिकडे बहुधा असलेले घर सजवतात. आपल्याकडे नसलेले घर सजवतात.

सॅम्पल फ्लॅट पाहिला नाही असा पुण्या-मुंबईतला मध्यमवर्गीय आता शोधूनच काढावा लागेल. इमारतीच्या नावाने अजून खड्डाच असतो, पण त्याच्या कडेला एक तात्पुरती शेड असते. आत शिरल्यावर गार हवा, मंद सुगंध आणि हातात सरबत. नंतर पावलांना प्लास्टिकच्या पिशव्या घालून आपल्याला ‘घरात’ नेले जाते. हे घर आपण डोळ्यांनी पाहतो. ते फुटपट्टीने पाहायला हवे.

उदाहरणार्थ, आतल्या खोल्यांना बऱ्याचदा दारेच नसतात. दार नसले की ते उघडायला लागणारी जागा वाचते आणि नजर थेट शेवटच्या खिडकीपर्यंत जाते. शेडमध्ये चार मजल्यांचा भार पेलायचा नसल्यामुळे खांब आणि तुळया कोपऱ्यातून डोकावत नाहीत. भिंती कधी विटांच्या नसतात, प्लायच्या असतात, आणि प्लायची भिंत विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी पातळ असते. एका भिंतीवर छतापर्यंत आरसा असतो. पलंग खास बनवून घेतलेला, नेहमीच्यापेक्षा आखूड.

आता साधा हिशेब करा. निजण्याची खोली दहा फूट रुंद आहे. बाजारातला मोठा पलंग साडेसहा फूट लांब असतो. समोर दोन फूट खोलीचे कपाट ठेवले की मधे उरतो दीड फूट, आणि कपाटाचे दार उघडायलाच तेवढा लागतो. सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग सहा फुटांचा असतो आणि समोर कपाटाऐवजी एक चित्र असते. म्हणजे चालायला तब्बल चार फूट! माणसे म्हणतात, ‘‘खोली कशी ऐसपैस वाटते नाही?’’ वाटतेच. कारण तिथे गाद्या नाहीत, बॅगा नाहीत, कपडे वाळत घालायची दोरी नाही, सिलिंडर नाही, दिवाळीचे डबे नाहीत आणि म्हातारे माणूस तर नाहीच नाही.

हे सगळे मी बाहेरून पाहणाऱ्याच्या भूमिकेतून सांगत असलो तरी मी बाहेरचा नव्हतो. त्या नेपथ्यात मीही एक वस्तू होतो.

२००७ साली मी पुण्याच्या एका उपनगरातल्या शाखेत व्यवस्थापक होतो. गृहकर्जाचे उद्दिष्ट डोक्यावर होते. एका बांधकाम व्यावसायिकाने आपल्या प्रकल्पावर शनिवार-रविवारी बँकेचे टेबल मांडायची विनंती केली. आम्ही आनंदाने मांडले. सॅम्पल फ्लॅटच्या बाहेरच्या पडवीत बँकेचा फलक, त्याखाली मी आणि माझा एक सहकारी. माणसे आतून भारावून बाहेर येत आणि थेट आमच्यासमोर बसत. पगाराची चिठ्ठी, हप्ता, मुदत. वीस मिनिटांत तत्त्वतः मंजुरी. त्या दोन दिवसांत आम्ही जितके अर्ज घेतले, तितके शाखेत महिनाभरात येत नसत.

त्यात एक जोडपे होते. दोघेही नोकरी करणारे, सोबत नवऱ्याची आई. एका बाजूने अधू झालेली, काठी टेकत चालणारी. दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेतून त्यांना बाहेर पडायचे होते ते आईला स्वतःची खोली हवी म्हणून. सॅम्पल फ्लॅटमधल्या दुसऱ्या बेडरूममध्ये एक दिवाण होता, खिडकीशी टेबल होते. आई त्या दिवाणावर पाच मिनिटे बसली आणि म्हणाली, ‘‘इथे मला ऊन येईल.’’ बावीस लाखांचा फ्लॅट, अठरा लाखांचे कर्ज, साडेदहा टक्के व्याज, वीस वर्षे, हप्ता सुमारे अठरा हजार. वीस वर्षांत एकूण त्रेचाळीस लाखांची फेड. कागद मीच केले.

२००९ मध्ये ताबा मिळाला. महिन्याभराने तो मुलगा शाखेत आला. दुसऱ्या बेडरूमच्या कोपऱ्यात इमारतीचा खांब खोलीत आला होता. दार आत उघडत होते आणि खिडकी होती त्यापेक्षा पुढे सरकली होती. आईची कॉट लावली की दार पूर्ण उघडत नसे, आणि दार उघडेल अशी लावली तर तिला काठी घेऊन उठायला जागा राहत नसे. शेवटी कॉट बाहेरच्या खोलीत आली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर, टीव्हीच्या आवाजात त्या माउलीने शेवटची वर्षे काढली.

तो माझ्याशी भांडायला आला नव्हता. त्याने फक्त एवढेच म्हटले, ‘‘साहेब, तुम्ही तिथे बसला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.’’

मी त्याला नियम सांगितला. बँक जमिनीच्या मालकीचा शोध घेते, बिगरशेती आदेश पाहते, मंजूर नकाशा पाहते. ते सारे निर्दोष होते. मंजूर नकाशात तो खांब बारीक काळ्या चौकोनाच्या रूपाने होताच! पण बँक हे सारे आपल्या तारणासाठी पाहते. त्या खोलीत कॉट मावते की नाही हे पाहणे तिच्या कामात बसत नाही. हे मला ठाऊक होते, त्याला ठाऊक नव्हते, आणि टेबलावर बसलेला असताना मी ते त्याला सांगितले नव्हते. सांगितले असते तर उद्दिष्ट पुरे झाले नसते. मुदत वाढली नसेल तर त्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०२७ साली फिटेल.

त्यानंतर कायदा बदलला, ही समाधानाची गोष्ट. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ साली झाला आणि २०१७ पासून आपल्या राज्यात ‘महारेरा’ काम करू लागले. या कायद्याचे बारावे कलम प्रत्येक घर घेणाऱ्याने वाचावे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांत दिलेल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत मागता येते. नमुना सदनिकेचा उल्लेख कायद्यातच आहे. हे कलम २००७ मध्ये असते तर मी त्या मुलाला निदान एक रस्ता दाखवू शकलो असतो.

‘सुपर बिल्टअप’च्या नावाखाली जिना आणि लिफ्टसुद्धा आपल्याला विकण्याची पद्धतही या कायद्याने मोडली. आता व्यवहार चटई क्षेत्रावर होतो. त्यात आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. प्रत्यक्षातले चटई क्षेत्र तीन टक्क्यांपर्यंत कमी-अधिक होऊ शकते, अशी तरतूद महाराष्ट्राच्या नमुना करारात आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो. तो मोबाइलने टिपला की महारेराच्या संकेतस्थळावरची प्रकल्पाची माहिती समोर येते.

पण कायदा पुरावा मागतो. सॅम्पल फ्लॅट कामापुरता उभा राहतो आणि काम झाले की पाडला जातो. त्याचे फोटो, त्याची मापे आपल्याकडे नसतील तर बारावे कलम कशाच्या आधारावर भांडणार?

जुन्या घरांच्या बाजारातही आता हे लोण आले आहे. विक्रीपूर्वी रंग काढणे पूर्वीही होतेच. आता एजंट सांगतात, सामान हलवा, दिवे वाढवा, कुंड्या ठेवा. रिकाम्या खोलीच्या फोटोत संगणकावरच सोफा आणि पडदे भरून मिळतात, खोलीत प्रत्यक्ष काही न्यावेही लागत नाही. हे सारे चालेल. पण ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी फासून रंग देणे ही सजावट नव्हे. दोन खाजगी व्यक्तींमधल्या अशा व्यवहाराला रेराचा उपयोग होत नाही. तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधी खबरदारी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. सजावट आणि लपवाछपवी यांतली रेषा एकशे चाळीस वर्षांपूर्वीच आखलेली आहे. ती पाळायची की नाही हा आपल्या सचोटीचा प्रश्न.

एवढे माहीत असूनही आपण भुलतो. याला केवळ अज्ञान हे कारण नाही. चाळीत, वाड्यात, सामायिक नळावर ज्यांचे आईवडील राहिले, त्यांना त्या शेडमध्ये घर दिसत नसते. न सांडलेले, न भांडलेले आयुष्य दिसत असते. अठरा हजारांचा हप्ता भरताना आपण त्या पांढऱ्या चादरीचाही हप्ता भरत असतो. मला त्या मोहाची टिंगल करावीशी वाटत नाही. माझे पहिले घर घेताना मीही बाल्कनीत एका झोपाळ्याची कल्पना केली होती. बाल्कनी तीन फुटांची निघाली.

निवृत्तीनंतर ओळखीचे कोणी घर पाहायला निघाले की मला बरोबर नेतात. मी मोजपट्टी घेतो. आपल्या घरातल्या पलंगाचे, कपाटाचे, फ्रिजचे माप आधी लिहून न्यायला सांगतो. सॅम्पल फ्लॅटमध्ये प्रत्येक भिंतीचे माप घेऊन फोटो काढायला लावतो आणि मंजूर नकाशा मागून त्यातले काळे चौकोन बोटाने दाखवतो. तयार घर असेल तर ते एकदा पावसात, एकदा सकाळी पाणी येण्याच्या वेळी आणि एकदा रात्री गाड्या परतल्यावर पाहायला सांगतो. बँकेचा माणूस टेबल मांडून बसला असेल तर त्याला नमस्कार करून विचारा, ‘‘तुम्ही नेमके काय तपासले?’’ तो प्रामाणिक असेल तर सांगेल. मला कोणी विचारले नव्हते. पण विचारले नव्हते म्हणून मी सुटत नाही.

पुतणीचे घर पाच आठवड्यांत विकले गेले. किल्ल्या देण्याच्या आदल्या दिवशी भाड्याचा सोफा परत गेला, सफरचंदे मुलांनी खाल्ली आणि घर पूर्ण रिकामे झाले. संध्याकाळी तिने देव कपाटातून काढून ओट्यावर मांडले, दिवा लावला आणि पिठल्याला खमंग फोडणी दिली. त्याचा फोटो तिने मला पाठवला. त्या फोटोत रिकामी भिंत आहे, तिच्यावर काढलेल्या तसबिरींचे फिकट चौकोन आहेत आणि ओट्याखाली ओलीचा एक डाग आहे.

तो डाग तिने घेणाऱ्यांना आधीच दाखवला होता. मी विचारले नव्हते, तिनेच सांगितले.