लाइव्ह सेंटर घेताना टोकं मोजू नका, बेअरिंग तपासा

लाकडाच्या लेथवर लाटणी, रवीचे दांडे, खुर्चीचे पाय करून विकायचा विचार करताय? मग बदलत्या टोकांचं लाइव्ह सेंटर जरूर घ्या. पण सात टोकांचा सेट म्हणजे भारी सेट, हे मला अजिबात पटत नाही.

आधी टेपर बघा. टेलस्टॉकला एमटी १ असेल तर जाड बाजू साधारण १२ मिमी, एमटी २ असेल तर १८ मिमी. इथे चुकलात तर सेंटर बसणारच नाही.

मग माल ठरवा. दांड्याला कप टोक हवं: मधला काटा जागा धरतो, भोवतालचं कडं दाब पसरवतं. नुसतं ६० अंशांचं अणकुचीदार टोक पाचरीसारखं शिरतं आणि बारीक दांडा चिरू शकतं. भोक पाडलेल्या कामाला मोठा शंकू लागतो. सुरुवातीला एवढं पुरतं.

खरी परीक्षा दुकानातच घ्या. एकेक टोक बसवून बोटांनी आडवं हलवा. बदलतं टोक म्हणजे एक जोड जास्त, म्हणजे खेळ यायला एक जागा जास्त. जरा जरी हललं, तर ठेवून द्या. नाहीतर लाटणं थरथरणार, अंगावर लाटा उठणार आणि तुम्ही पॉलिश पेपर घासत बसणार. त्या घासण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही!

आणि हो, टोक सुटं मिळतं का, तेही विचारा. एका टोकासाठी काम अडायला नको.

तुम्ही काय बनवणार आहात? कमेंटमध्ये सांगा.