लाइन आली की मोटर सुरू!

परवा शुक्रवारी लंच टाइमला आमच्या टीममधली एक कलीग वैतागून म्हणाली, "बॅकअपची हार्ड डिस्क घेऊन सहा महिने झाले. लॅपटॉपला लावते, आणि कॉपी करायचंच विसरते. हे आपोआप का नाही होत?"

झालं! मी कॉलर ताठ केली. "होतं की. दहा मिनिटांचं काम." आणि खरंच, डबा संपायच्या आत करून दिलं. आता तिने ती हार्ड डिस्क लावली, की कामाचं फोल्डर गुपचूप कॉपी होतं आणि शेवटी स्क्रीनवर चिठ्ठी येते : झालं बुवा. टेबलावर टाळ्या. कटिंग तिच्याकडून.

चहा मस्त होता. पण जागेवर परत येताना मला एकदम आमचं वडनेरचं वावर आठवलं. कारण असाच "दहा मिनिटांचं काम" म्हणून मी तिथेही एकदा कॉलर ताठ केली होती.

अमुक झालं की तमुक

आधी थोडं ज्ञान, मग गोष्ट. मशीनला आपण दोन प्रकारे काम सांगतो. एक म्हणजे "हे कर". दुसरा म्हणजे "अमुक झालं, की तमुक कर". दुसऱ्या प्रकारात आपण तिथे नसतो, आणि खरी मजा तीच असते.

तुम्ही दिवसभर हेच वापरता, फक्त लक्षात येत नाही. ब्लूटूथचे इअरबड कानातून काढले की गाणं थांबतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो. यूपीएसची केबल कॉम्प्युटरला जोडली असेल, तर वीज गेल्यावर आणि बॅटरी संपत आल्यावर कॉम्प्युटर स्वतःच गाशा गुंडाळतो. एखादं यंत्र आलं, गेलं, उघडलं, मिटलं ही झाली घटना. त्यावर काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. बरं, ते लिहिलेलं बदलताही येतं. बहुतेक जण आयुष्यभर बदलत नाहीत. माझ्यासारखे काही जण जरा जास्तच बदलतात.

आता वडनेर

वडनेर म्हणजे वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात, नागपूर–हैदराबाद हायवेवरचं आमचं गाव. पुण्याहून रात्रीची ट्रेन, सकाळी वर्धा, मग एसटीने हिंगणघाट आणि पुढे घर. खरिपात कापूस, सोयाबीन, तूर. विहिरीला पाणी असेल तर रब्बीत गहू आणि हरभरा. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटे असतात. पुण्याला या म्हटलं, की "पाहू" म्हणतात. विदर्भातल्या "पाहू"चा अर्थ तुम्हाला माहीत असेलच.

त्या वर्षी रब्बीत रात्रीची लाइन होती. लाइन म्हणजे वीज. शेतीपंपाला थ्री फेज यायची रात्री, कधी बारा, कधी दीड. बाबा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी काठी आणि टॉर्च घेऊन वावरात जायचे, स्टार्टरचं हिरवं बटन दाबायचे आणि परत यायचे. मध्येच लाइन गेली की मोटर बंद, आणि लाइन आली की पुन्हा फेरी. रस्त्यात नाला, अंधार आणि साप. फोनवर ते हे सगळं हसत सांगायचे, आणि मी इकडे चौथ्या मजल्यावर कूस बदलत बसायचो.

संक्रांतीला गेलो, तेव्हा मी हिंगणघाटहून ऑटो स्विच आणला आणि स्टार्टरला बसवून घेतला. छोटासा डबा. तिन्ही फेज आले की तो स्वतःच स्टार्टर चालू करतो. माझ्या भाषेत सांगायचं तर घटना : लाइन आली. कृती : मोटर सुरू. त्या रात्री लाइन आली, लांबून मोटरचा आवाज आला आणि बाबा गोधडीतून हलले नाहीत. पुण्यात एखादं प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यावरही मला एवढं भारी वाटलं नव्हतं.

भारी इतरांनाही वाटलं. आमच्या डीपीवर बारा पंप आहेत. काहींकडे ऑटो आधीपासून होता, उरलेल्यांनी महिनाभरात बसवला. फेब्रुवारीतल्या एका रात्री लाइन आली, बाराच्या बारा मोटरी एका क्षणी सुरू झाल्या, आणि डीपी जळाली.

गणित सोपं होतं, मी केलं नव्हतं

पाच एचपीची मोटर फिरत असताना साधारण सात-आठ अँपिअर करंट घेते. पण थांबलेल्या अवस्थेतून उठताना, थेट सुरू केली तर, काही सेकंद त्याच्या पाच-सहा पट. बारा मोटरी आरामात फिरत असतील तर नव्वद अँपिअर. १०० केव्हीएची डीपी साधारण १३० अँपिअरची, म्हणजे चालून जातं. पण बाराही एकदम उठल्या, तर पाचशेच्या वर! एवढ्या ओढीने व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटरींना वेग घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि तोवर तो जास्तीचा करंट चालूच राहतो. फ्यूजने इथे वितळून सगळं वाचवायचं असतं. पण फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी कुणीतरी जाड तार टाकलेली असते. आमच्याकडे होती.

महावितरण कित्येक वर्षांपासून शेतकऱ्यांना सांगतंय, की ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटरने पंपाची करंटची ओढ कमी होते आणि डीपीवरचा भार हलका होतो. असं आवाहन मी पेपरात वाचलंही होतं. पण ते "शेतकऱ्यांसाठी" असतं ना, आपण तर इंजिनीअर!

डीपी बदलून होईपर्यंत पाण्याची एक पाळी चुकली. हरभरा घाट्यात होता. नेमकं तेव्हाच पाणी हवं असतं. आमचं एकट्याचं नाही, बारा घरांचं. कुणी मला काही बोललं नाही. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "लाइनीले काय मालूम बाप्पा, विहिरीत पानी हाय का नाही, अन् बाजूच्याची मोटर चालू हाय का नाही?"

अख्ख्या विषयाचा गाभा त्यांनी एका वाक्यात सांगितला. घटना आंधळी असते. "आलं" एवढंच तिला सांगता येतं.

आणि एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा समजली. साध्या स्टार्टरमध्ये एक नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते. वीज परत आली तरी मोटर आपणहून सुरू होत नाही, कुणीतरी बटन दाबावंच लागतं. मी त्याला जुनाट मशीनची खोड समजत होतो. ती खोड नव्हतीच. माणसाने येऊन, बघून, मग ठरवावं म्हणून मुद्दाम केलेली सोय होती. मी ती डबा लावून बाद केली.

हीच चूक जगाने पेन ड्राइव्हवर केली

हसू नका, बिल गेट्सच्या कंपनीनेही हेच केलं होतं. १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं, सोबत ऑटोरन आलं. सीडी टाकली, की तिच्यातली एक छोटी फाइल वाचायची आणि त्यात लिहिलेला प्रोग्रॅम चालवायचा. हेतू चांगला होता. नवख्या माणसाला सीडीत शोधाशोध करायला लागू नये, एवढंच. तेव्हा सीडी यायची कंपनीतून, सीलबंद.

मग पेन ड्राइव्ह आले. सायबर कॅफेतून घरी, घरून कॉलेजला, कॉलेजातून झेरॉक्सच्या दुकानात. तुमच्या मोठ्या भावंडांना विचारा, फोल्डरचं सोंग घेतलेली "न्यू फोल्डर डॉट ईएक्सई" नावाची पिडा आठवते का! २००८ च्या अखेरीस कॉनफिकर नावाचा वर्म पसरला, तो पेन ड्राइव्हमधूनही पसरायचा. त्याची आयडिया तर महाचालू. पेन ड्राइव्ह लावल्यावर जी "काय करू?" अशी खिडकी येते, तिच्यात तो "फोल्डर उघडा" असं सोंग घेऊन बसायचा. त्याच वर्षी पेन ड्राइव्हमधून घुसलेल्या दुसऱ्या एका वर्ममुळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पेन ड्राइव्हवरच बंदी घातली होती.

शेवटी २००९ च्या विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद झालं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्तालाही अपडेटने तेच दिलं. म्हणजे सोळा वर्षांनी ती नो-व्होल्ट कॉइल परत बसवली!

मग आपोआप काही करायचंच नाही?

छे! सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने रात्री दीडला नाल्यातून जावं, यात कसलं आलंय शहाणपण. आपोआप करा, पण चार प्रश्न विचारून करा. कलीगचा लॅपटॉप सेट करताना मी हेच विचारले.

कोण आलं? "कुठलाही पेन ड्राइव्ह" असं कधीही लिहू नका. प्रत्येक यूएसबी यंत्र स्वतःचा कंपनी नंबर आणि मॉडेल नंबर सांगतं, बऱ्याचदा सीरियल नंबरही. लिनक्समध्ये यूडेव्ह नावाची यंत्रणा नेमकं हेच वाचते. तिच्या नियमाचे दोन भाग असतात, आधी ओळख आणि मग काम. ओळख जितकी नेमकी, तितकी झोप शांत.

खरंच आलं का? लाइन येते, जाते, परत येते. केबल सैल असेल तर हार्ड डिस्कचंही तसंच. म्हणून थोडं थांबायचं. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये "इतक्या वेळाने सुरू कर" असा पर्याय असतो, तो वापरा. आणि एकाच घटनेवर खूप मशीन जागी होणार असतील, तर प्रत्येकाचं थांबणं वेगवेगळं ठेवा.

करायचं काय? कॉपी चालेल. पुसणं, पाठवणं आणि आलेल्या यंत्रातलाच प्रोग्रॅम चालवणं चालणार नाही. कॅमेऱ्याचं कार्ड लावलं की फोटो उतरव, ठीक. "आणि कार्ड रिकामं कर" हे मात्र स्वतःच्या हाताने, फोटो बघून. आणखी एक, यूडेव्हच्या नियमातच लांबलचक काम घातलं तर तो ते अर्ध्यात मारून टाकतो. त्याने फक्त निरोप द्यायचा, काम दुसऱ्या सर्व्हिसने करायचं.

मला कळणार कसं? गुपचूप होणारं काम गुपचूप बंदही पडतं. म्हणून शेवटी चिठ्ठी हवीच : झालं किंवा नाही झालं.

या वीकएन्डला करून बघा

विंडोजवाल्यांनी सेटिंग्जमध्ये "ब्लूटूथ अँड डिव्हायसेस"मध्ये जाऊन ऑटोप्ले उघडा आणि पेन ड्राइव्हसाठी "दर वेळी विचार" हे निवडा. मॅकवाल्यांनी इमेज कॅप्चरमध्ये खालच्या कोपऱ्यात बघा, हा फोन जोडला की कोणतं अ‍ॅप उघडायचं ते तिथे ठरतं. आयफोनच्या शॉर्टकट्समध्ये "चार्जर लावला की" अशी घटना आहेच. आणि घरी डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये "वीज परत आल्यावर काय करू?" असा पर्याय शोधा. तो "चालू हो"वर असेल तर तुमच्याही घरी एक ऑटो स्विच आहे. वीज दहा मिनिटांत तीनदा येत-जात असेल, तर त्याला "बंदच राहा" सांगा.

आणि वडनेर?

डीपी आल्यावर बारा घरांची बैठक झाली. फ्यूजच्या जागी फ्यूज आला. कॅपॅसिटर बसले. ज्यांनी ऑटो ठेवला, त्यांनी वेळा वाटून घेतल्या. एकाचा दोन मिनिटांनी, पुढच्याचा चार मिनिटांनी, असं ओळीने. आमचा ऑटो मी काढला आणि त्या जागी मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला. ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या "नॅनो गणेश"ने फोनवरून पंप चालवून दाखवला आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळवलं. लाइन आहे का हे घरबसल्या समजतं, आणि बटन दाबायचं की नाही ते शेतकरीच ठरवतो.

आमच्याकडेही आता लाइन आली की फक्त मेसेज येतो. मोटर सुरू होत नाही. बाबा खाटेवरूनच विचार करतात. विहीर भरली असेल का, काल कुठलं वाफं राहिलं, बाजूच्याची पाळी आहे का. मग फोनवरून सुरू करतात, किंवा कूस बदलून झोपतात.

मेसेज माझ्याही नंबरवर येतो, ते मी मुद्दाम केलंय. गेल्या हिवाळ्यात एकदा रात्री १.४० ला फोन उजळला : लाइन आली. मी अंधारात बघत पडून राहिलो. चार मिनिटांनी दुसरा मेसेज : मोटर सुरू.

म्हणजे बाबा जागे आहेत, ठीक आहेत, आणि ओलित करायचं त्यांनी ठरवलंय. मी फोन पालथा ठेवला आणि झोपलो.