तारेवरचे पाहुणे, वळचणीचे शेजारी

पाऊस ओसरून भात पिवळे पडू लागले की कर्जत-खालापूरच्या रस्त्याने जाताना विजेच्या तारांकडे जरूर पाहा. निळ्याकाळ्या पाठीची, तांबूस गळ्याची, दुभंगलेल्या शेपटीची पाखरे ओळीने बसलेली दिसतील. ही माळभिंगरी. वजन जेमतेम २० ग्रॅम. पण हिमालय व त्यापलीकडच्या थंड मुलखातून ती हिवाळ्यापुरती इकडे येते.

आपण अशा सर्वच पाखरांना पाकोळी म्हणतो. परंतु छताला गवत-पिसे चिकटवून राहणारी पाकोळी निराळी. तिच्या पायांची ठेवणच अशी की तिला तारेवर बसता येत नाही. तारेवर बसते ती भिंगरी. या कुळात जगभर सुमारे ९० जाती आहेत.

काही भिंगऱ्या आपल्याकडे बारमाही राहतात. नदीकाठची तारवाली भिंगरी पुलाखाली, मोरीखाली मातीची वाटी बांधते. लालबुडी भिंगरीचे घरटे आडव्या सुरईसारखे असते. तिसरी मळकट तपकिरी जात मूळची कड्याकपारीतली; ती आता आपल्या इमारतींच्या वळचणीलाही येते.

आम्ही पडलो कारकून, हिशोबाची सवय! एका घरट्याला चिखलाचे शेकडो गोळे लागतात, कधी हजारावर. नर-मादी चोचीतून एकेक गोळा आणून लावतात. त्यात पिल्लांसाठी दिवसभर माश्या, चिलटे पकडायची. म्हणजे आपलीच चिलटे कमी होतात, तीही फुकट!

मागे आमच्या चाळीला रंग काढताना व्हरांड्यातले असेच घरटे कुणीतरी 'घाण करतात' म्हणून झाडूने पाडले. आत अंडी होती. आम्ही शेजारी उभे होतो, पण बोललो नाही. जोडी दोन दिवस त्या कोपऱ्याशी घिरट्या घालत होती. ती चुप्पी आम्हाला अजून बोचते.

अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत पाच-सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस रंगाचे काम त्या कोपऱ्यापुरते थांबवावे. खाली पुठ्ठा बांधला की घाणीचाही प्रश्न मिटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही वन्य पक्ष्यांची अंडी, घरटी मोडणे हा शिकारीचाच प्रकार मानला आहे. पण कायदा कशाला हवा? पै-पै जोडून ज्यांनी डोक्यावर छप्पर उभे केले, त्यांना घर मोडण्याचे दुःख वेगळे सांगायला नको. घरातल्या मुलांना घरटे दाखवा आणि झाडू उचलणाऱ्याला वेळीच थांबवा.