शेंगदाण्याची गांध

परवा शेजारच्या मावशी ॲलर्जीचा रिपोर्ट घेऊन आल्या. मशीनवर केलेली तपासणी, रंगीत छपाई आणि शेंगदाण्यापुढे लाल खूण. "चटणी बंद करा म्हणालेत. तीस वर्षं खातोय, कधी ओठ खाजला नाही. पण मशीन खोटं कसं बोलंल?" कोल्हापुरात शेंगदाण्याची चटणी बंद म्हणजे शिक्षाच की!

मशीन खोटं बोलत नाही. पण त्याला विचारलंय काय, ते बघायला हवं. तपासणी अशी: हातावर संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवायचा, त्यातून हलकेच टोचायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजायची. नुसत्या सलाइनच्या टोचेपेक्षा ती 3 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असली, तर तपासणी पॉझिटिव्ह. यातली कच्ची बाजू म्हणजे माणसाचा हात. कुणी जोरात टोचतो, कुणी नुसतं टेकवतो. बेल्जियममध्ये तयार झालेलं यंत्र एका दमात दहा ठिकाणी टोचतं आणि गांधींचे फोटो काढतं. हाताने टोचण्यापेक्षा त्यात फरक कमी पडतो, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. चांगलंच आहे, हवंच. फक्त आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट उमटत नाही, म्हणून लालीवर न जाता फुगवटा मोजायला हवा.

पण टोच सरळ झाली म्हणून निदान सरळ होत नाही. आदल्या दिवशी सर्दीची गोळी घेतली असेल तर कातडी गप्प बसते. अर्क जुना असेल तरी तेच. शिवाय गांध उठली याचा अर्थ शरीरात त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं आहेत, एवढाच. खाल्ल्यावर त्रास होतो का, हे पोटाला आणि श्वासाला विचारायचं. मावशींनी ते तीस वर्षं विचारलंय. (ज्याला खाल्ल्यावर धाप लागली किंवा ओठ सुजले, त्याने मात्र घरी प्रयोग करू नयेत.)

उलटी चूकही होते. 1950च्या दशकात पुण्यात नोंदलेलं गाजर गवत आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. त्याने शेतकऱ्याची मान आणि चेहरा खाजून खाजून कातडी जाड होते. ही ॲलर्जी सावकाश उठणारी. वीस मिनिटांत बघणारं मशीन कितीही अचूक असलं तरी त्याला ती दिसायची नाही. त्यासाठी पाठीवर पट्टी लावून दोन दिवस थांबावं लागतं. मशीनचा 'निगेटिव्ह' खिशात घालून तो माणूस पुन्हा त्याच बांधावर खुरपं घेऊन बसतो.

तेव्हा रिपोर्ट हातात पडला की लाल खुणा मागाहून बघा. आधी दोन आकडे शोधा: सलाइनचा आणि हिस्टामिनचा. हिस्टामिन मुद्दाम टोचतात; त्याला गांध उठायलाच हवी. ती नसेल तर बाकीच्या 'निगेटिव्ह'ला काही अर्थ नाही. सलाइनलाच मोठी गांध आली असेल, तर 'पॉझिटिव्ह'वरही भरवसा ठेवू नका.

मावशींच्या रंगीत रिपोर्टात हे दोन्ही आकडे छापलेलेच नव्हते.