बसमधल्या गप्पा आणि लेकीची तब्येत

नर्सिंग करून लंडनला गेलेल्या लेकीला आपण फोनवर पहिली ताकीद देतो, 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस.' आम्हाला हे पटत नाही. रात्रपाळी करून एकट्या खोलीत परतणारी मुलगी दिवसचे दिवस कुणाशी बोललीच नाही, तर झोप आणि भूक दोन्ही बिघडतात. एकटेपणाचा प्रश्न ब्रिटनला इतका मोठा वाटला, की २०१८ साली त्यासाठी मंत्री नेमला.

शिकागोच्या लोकलमध्ये एपली आणि श्रोडर या संशोधकांनी काही प्रवाशांना शेजाऱ्याशी बोलायला सांगितले, काहींना गप्प बसायला. बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला, असे त्यांनी २०१४ साली मांडले. इतर प्रवाशांचा अंदाज मात्र नेमका उलटा होता!

आपल्याकडे गाडीतल्या गप्पांत दुसराच प्रश्न 'आडनाव काय?' तो कशासाठी, हे आपल्याला कळते. म्हणून तोंड मिटायची सवय लागते. लंडनच्या बसमधली आजी पावसावर बोलेल, आडनावाशी तिला देणेघेणे नाही. (तिकडे भेटलेला आपला देशबांधव विचारेलही.)

राहता पत्ता, पगार, पासपोर्ट यांबद्दल बोलू नये. कुणी त्रास दिला तर उठून ड्रायव्हरजवळ जावे. बाकी तिला बोलू द्या. पुढच्या फोनला 'जेवलीस का?' झाल्यावर 'आज बसमध्ये कोण भेटलं?' हेही विचारा.